वर झाकण, खाली भोक

३१ मार्च आणि १४ एप्रिल यांच्यात चौदा दिवस आहेत. या चौदा दिवसांत आपण पताका लावतो, वर्गणीचं पुस्तक घेऊन दारोदार फिरतो, वाजंत्र्याला इसार देतो, चौकातल्या कट्ट्याला चुना मारतो. आणि ज्या रात्री आपण पताकांचा सुतळीदोरा मोजत बसलेलो असतो त्याच रात्री, ३१ मार्चला बारा वाजता, आपल्या नावाने मंजूर झालेला आणि खर्च न झालेला सगळा पैसा मरतो. त्याच्या मयताला कोणी जात नाही. त्याच्यासाठी बंद नाही, मोर्चा नाही, निषेधाचं पत्रक नाही. कारण तो जन्मला होता हेच आपल्या वस्तीला ठाऊक नसतं.

दोस्तांनो, मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा राहणारा माणूस. कविता लिहितो. अर्थशास्त्र मला कोणा प्राध्यापकाने शिकवलेलं नाही. घटनेचं पुस्तक आणि बजेटच्या जाडजूड वह्या मी रात्रपाळी करून आल्यावर डोळ्यांवर पाणी मारून वाचल्या. वाचून एकच गोष्ट कळली, ती सांगायला हा लेख.

सरकारने मंजुरीपेक्षा जास्त खर्च केला तर कायदा त्याचा कान धरतो. कमी खर्च केला तर कायदा गप्प बसतो. रांजणाला वरून पक्कं झाकण आहे आणि बुडाला भोक आहे. झाकणाचा आपण अभिमान बाळगतो, तो बाळगायलाच पाहिजे. पण भोकातून जे वाहून जातंय ते आपलं पाणी आहे.

आधी झाकण बघू. त्याची चेष्टा करायची नाही. पेशवाईत श्रावणातली दक्षिणा वाटली जायची तेव्हा रयतेला कोणी विचारलं होतं? महाराने गावची राबणूक करायची, कुणब्याने सारा भरायचा आणि पुण्यात ब्राह्मणांच्या ओंजळी भरायच्या. राजाची तिजोरी म्हणजे राजाचा खिसा. घटनेने हा खिसा फाडला. २६६ व्या कलमाने राज्याचा महसूल, काढलेलं कर्ज, परत आलेलं कर्ज, सगळं एका ठिकाणी ओतलं. त्याला राज्याचा एकत्रित निधी म्हणतात. २०४ व्या कलमाने सांगितलं की विधिमंडळाने विनियोजनाचा कायदा केल्याशिवाय त्यातून रुपया काढायचा नाही. मुख्यमंत्री असो नाहीतर मुख्य सचिव. वर्ष सुरू झालं आणि बजेट अजून पास नाही, तर २०६ खाली लेखानुदान घ्या. वर्षात कमी पडलं तर २०५ खाली पुरवणी मागणी घेऊन सभागृहापुढे या. मंजुरीच्या वर उधळलंत तर लोकलेखा समितीपुढे कारण सांगा आणि जादा खर्चाला पुन्हा सभागृहाची मान्यता मागा. केंद्र सरकारलाही असंच बांधलंय, कलम ११२ ते ११६ मध्ये.

हे नुसतं कारकुनी काम नव्हे. ज्या मसुदा समितीने हे लिहिलं तिचा अध्यक्ष १९१५ साली कोलंबियात ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि पैशावर प्रबंध लिहून बसला होता. १९२५ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या वित्तव्यवस्थेवर त्याचा ग्रंथ लंडनला छापला गेला. आपण बाबासाहेबांचा फोटो लावतो तो कोट आणि पुस्तक असलेला. त्या पुस्तकाच्या जागी एखादं बजेटचं पुस्तक आहे असं समजा, काही बिघडत नाही. ३० मे १९४९ ला घटना समितीत महालेखापरीक्षकाविषयी बोलताना ते म्हणाले होते, की घटनेतला हा बहुधा सगळ्यांत महत्त्वाचा अधिकारी आहे, त्याचं काम न्यायसंस्थेच्या कामापेक्षाही मोठं आहे. पंतप्रधान नाही, सेनापती नाही. हिशोब तपासणारा माणूस.

आता भोक.

विनियोजनाचा कायदा म्हणतो, एवढ्यापर्यंत खर्च करायला परवानगी आहे. नीट ऐका. परवानगी. हुकूम नाही. सभागृहाने वसतिगृहासाठी पैसा मंजूर केला म्हणजे सरकारला खर्च करता येतो, करावाच लागतो असं नाही. आणि या परवानगीचं आयुष्य एक वर्षाचं. ३१ मार्चला ती संपते. त्याआधी खात्याचा अधिकारी उरलेला पैसा वित्त विभागाला परत करतो. त्यांच्या भाषेत, निधी समर्पित करतो. शब्द बघा! समर्पित. जसा देवाच्या पायावर वाहिला. आणि विनियोजनाच्या हिशोबात या न झालेल्या खर्चाला नाव काय आहे माहीत आहे? बचत. पोराला ताटात भाजी मिळाली नाही, ती बचत. पोरीला निर्वाहभत्ता मिळाला नाही, ती बचत. आमच्या उपाशीपणाची यांनी पासबुकं काढलीत.

आमच्या गिरणीत कापसाची गाठ फुटली की तिचं वजन लागतं. किती सूत निघालं, किती वेस्ट पडली, दर पाळीला तोललं जातं. खाली पडलेला पुंजका सुद्धा झाडून गोळा करून काट्यावर जातो. सूत कमी भरलं की मुकादम अंगावर येतो. मालक नफ्यासाठी करतो हे, पुण्यासाठी नव्हे. पण करतो. आणि जे राज्य स्वतःला कल्याणकारी म्हणवतं, तिथे गाठीच्या गाठी गायब होतात आणि मुकादम म्हणतो, छान, बचत झाली.

मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. एका कॉलेजात. शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर, नाव यादीत, सगळं जागेवर. पैसा आला नाही. कॉलेज म्हणालं, सरकारकडून फी आली नाही, तू भर, मग हॉल तिकीट. समाजकल्याणच्या एका कार्यालयात बाप आणि मी तीन चकरा मारल्या. टेबलावरचे साहेब वाईट नव्हते. म्हणाले, ‘‘काका, तरतूद आहे. वितरण नाही. एप्रिलमध्ये या, नवीन वर्षाचं बघू.’’ बाप बाहेर येऊन मला विचारतो, ‘‘तरतूद आहे म्हणजे पैसे हाईत ना रं?’’ त्याला काय सांगू? पैसे आहेत आणि नाहीत. परवानगी आहे, हुकूम नाही. नवीन वर्षाचं बघायच्या आत मी रिंग फ्रेमवर लागलो होतो. माझ्यासारखे किती, ते तुमच्या वस्तीत मोजा. यादी करायला वही लागेल.

हे एकट्यादुकट्या शिष्यवृत्तीचं नाही. आदिवासी उपयोजना १९७४ पासून आणि अनुसूचित जातींसाठीची विशेष घटक योजना १९७९-८० पासून चालत आली. तत्त्व साधं होतं. लोकसंख्येत जेवढा वाटा, योजनेच्या पैशात तेवढा वाटा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती ११.८ टक्के. म्हणजे शंभर रुपयांतले पावणेबारा रुपये आमच्या वस्तीत थेट पोचायला हवेत. पण हे तत्त्व उभं राहिलं कशावर? मार्गदर्शक सूचनांवर आणि शासन निर्णयांवर. आणि शासन निर्णय म्हणजे सचिवाने सही केलेला कागद. दुसऱ्या सहीने तो फिरतो. २०१७-१८ पासून केंद्राने योजना आणि योजनेतर हा फरकच पुसून टाकला. मग आता वाटा नेमका कशातला, यावरच वाद घालत बसा.

भोकाला दोन तोंडं आहेत. एकातून पैसा परत जातो. दुसऱ्यातून तो वळवला जातो. बजेटच्या पुस्तकात अनुसूचित जाती उपयोजनेच्या खर्चाला ७८९ हा आकडा लावतात, ते गौण शीर्ष. हा ७८९ शोधायला शिका. कारण तो कशालाही चिकटवता येतो. रस्ता सगळ्या गावाचा असतो, पण त्याचा एक तुकडा ७८९ मध्ये लिहिला की कागदावर तो आपला विकास. २०१० साली दिल्लीत राष्ट्रकुल खेळ झाले. त्या खेळांसाठी दिल्लीच्या अनुसूचित जातींच्या उपयोजनेतले शेकडो कोटी वळवल्याचं उघड झालं, आणि हे चुकीचं झालं असं केंद्राच्या गृहमंत्र्यालाच राज्यसभेत म्हणावं लागलं. धावपटू धावले, पदकं वाटली गेली, मैदानाबाहेर आपल्या पोरांची फी राहिली. महाराष्ट्रात २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास या खात्यांचा पैसा लाडकी बहीण योजनेकडे वळवल्यावर खुद्द सामाजिक न्याय खात्याच्या मंत्र्याने जाहीर नाराजी काढली. मंत्र्यालाच राखता येत नाही, तिथे वस्तीतल्या पोराने कोणाकडे बघायचं?

इथे कोणी माझ्यावर डोळे वटारेल. म्हणेल, बायांच्या तोंडचा घास काढतोस काय? नाही. माझ्या आईच्या खात्यावर पण पंधराशे पडतात आणि त्यावर आमच्या घरचा गॅस भरतो. तिला ते मिळालेच पाहिजेत. पण ते तिला या राज्याची नागरिक म्हणून मिळायचे आहेत, इतर सगळ्या बायांसारखे, सगळ्यांच्या तिजोरीतून. उपयोजना त्याच्या वर आहे, त्याच्या ऐवजी नाही. आईला पंधराशे द्यायचे आणि तेच तिच्या लेकाच्या वसतिगृहातून कापायचे, याला मदत म्हणत नाहीत. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालणं याला म्हणतात.

मग म्हणतील, सरकारला अमुक खर्च करच असं कायद्याने बांधता येत नाही. दोस्तांनो, हे साफ खोटं आहे, आणि ते खोटं आहे याचा पुरावा घटनेतच आहे.

२०२ व्या कलमाचं तिसरं पोटकलम काढा. तिथे भारित खर्चाची यादी आहे. भारित म्हणजे ज्यावर सभागृहात मतदान होत नाही, आमदारांना जो कापता येत नाही, असा खर्च. राज्यपालांचा पगार भारित. सभापती-अध्यक्षांचा पगार भारित. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे पगार भारित. आणि राज्याने घेतलेल्या कर्जाचं व्याज भारित. म्हणजे सावकाराचा पैसा पहिला. त्याच्या हप्त्याला ‘‘एप्रिलमध्ये या’’ असं कोणी म्हणत नाही. आमच्या पोराची शिष्यवृत्ती मात्र दत्तमत. तिच्यावर मत घ्यायचं, मग वितरण अडवायचं, मग समर्पित करायचं.

अजून पुढे या. २९०-क कलम. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने हे आत आलं. त्यात लिहिलंय की केरळच्या एकत्रित निधीतून दरवर्षी ४६ लाख ५० हजार रुपये त्रावणकोर देवस्वम निधीला, आणि तमिळनाडूच्या एकत्रित निधीतून दरवर्षी १३ लाख ५० हजार रुपये तिथल्या देवस्वम निधीला, हिंदू मंदिरांच्या देखभालीसाठी द्यायचे. घटनेत! आकड्यासकट! देवळाच्या दिवाबत्तीला बचत नाही, समर्पण नाही, एप्रिल नाही.

जाणते लोक सांगतील, संस्थानाने देवळांच्या जमिनी घेतल्या होत्या, त्याची ही भरपाई. बरं. भरपाई हा शब्द मला आवडला. मग आमचं सांगा. महारवतन म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या फुकट राबायचा पट्टा. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकी वतनं खालसा झाली, त्या गुलामीतून सुटलो, चांगलं झालं, बाबासाहेब त्यासाठीच १९२८ पासून कायदेमंडळात झगडत होते. पण तीच वतनाची जमीन पुन्हा आपल्या नावावर करून घ्यायला वतनदाराला सरकारात कब्जेहक्काची किंमत भरावी लागली. देवाची जमीन गेली तर सरकार देवाला कायम पैसे देणार. महाराची जमीन गेली तर महाराने सरकारला पैसे द्यायचे. एवढं वाचल्यावर मी पुस्तक मिटून बिडी ओढायला बाहेर गेलो.

आता जे सांगतो ते प्रत्येक शाखेत मोठ्याने वाचा. बाबासाहेबांना हे भोक दिसलं होतं. घटनेचा मसुदा लिहायच्या आधी, १९४७ साली, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी घटना समितीसाठी एक निवेदन तयार केलं. संस्थाने आणि अल्पसंख्याक. त्यातल्या जमिनीच्या आणि उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणावर आपण भाषणं ठोकतो. पण त्याच निवेदनात पैशाची कलमं आहेत, ती आपण वाचत नाही. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाची आर्थिक जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारांवर टाका, आणि हा खर्च शिक्षणाच्या बजेटवरचा पहिला बोजा माना. परदेशी शिक्षणासाठी केंद्राने दरवर्षी १० लाख रुपये बाजूला काढावेत. अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी दरवर्षी ५ कोटी. १९४७ चे ५ कोटी! म्हणजे बाबासाहेबांनी झाकण आणि बूड दोन्ही मागितली होती. किती पर्यंत खर्च करा हेही, आणि किती खर्च केलाच पाहिजे हेही, घटनेच्या मजकुरात.

ते निवेदन घटना झालं नाही. मसुदा समितीचा अध्यक्ष हा एकट्याचा मालक नव्हता, सभागृहात बहुमत काँग्रेसचं होतं. आमच्या वाट्याला कलम ४६ आलं. दुर्बल वर्गांचं, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचं शैक्षणिक आणि आर्थिक हित राज्याने विशेष काळजीने जपावं. फार सुंदर वाक्य. पण ते चौथ्या भागात आहे आणि त्याच भागातलं ३७ वं कलम सांगतं की या तत्त्वांची अंमलबजावणी कोर्टातून करून घेता येणार नाही. झाकणाला कोर्ट आहे. बुडाला फक्त काळजी आहे.

‘‘पैसा कुठाय?’’ हे त्यांचं शेवटचं हत्यार. वित्तीय शिस्त हवी, तूट वाढते. ठीक. केंद्राने २००३ साली वित्तीय जबाबदारीचा कायदा केला, महाराष्ट्राने २००५ साली. केंद्राने तूट तीन टक्क्यांवर आणायची होती. जमलं नाही, तारीख पुढे ढकलली. पुन्हा जमलं नाही, पुन्हा ढकलली. २०१८ च्या दुरुस्तीने ३१ मार्च २०२१ ही तारीख ठरली, आणि त्या वर्षी करोनात तूट नऊ टक्क्यांच्या वर गेली. संकट होतं, खर्च करणं भाग होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग मला शिस्त शिकवू नका. यांची वेळ येते तेव्हा झाकण रबराचं होतं, आणि आमची येते तेव्हा बिडाचं.

कोणी म्हणेल, कायदा करून तरी काय होणार? प्रश्न रास्त आहे. आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ साली उपयोजनेचे कायदे केले. कर्नाटकाच्या कायद्यात ७-ड नावाची फट ठेवली होती. सर्वसाधारण कामाचा काही भाग अनुसूचित जातींवर खर्च झाला असं मानायची सोय. तिथल्या कार्यकर्त्यांनी दहा वर्षं ती फट दाखवत रान उठवलं, २०२३ साली ती काढावी लागली. पण त्यानंतरही उपयोजनेतले हजारो कोटी हमी योजनांना लावले म्हणून तिथे पुन्हा ओरड झाली. तेलंगणाने २०१७ च्या कायद्यात न खर्चलेला पैसा पुढच्या वर्षी भरून काढायची तरतूद घातली. म्हणजे कायदा ही जादू नाही. पण कायदा असला की फटीकडे बोट दाखवता येतं. शासन निर्णयात बोट दाखवायला भिंतच नसते, सगळीच फट.

आणि हे फक्त आपलं वेड नाही. अमेरिकेतही सरकारी खात्यांनी मंजुरीबाहेर खर्च करू नये हा कायदा एकोणिसाव्या शतकापासून आहे. तिथलं झाकण. पण अध्यक्ष निक्सनने तिथल्या संसदेने मंजूर केलेला पैसाच अडवून धरायला सुरुवात केली, गावोगावच्या सांडपाण्याच्या कामांचा सुद्धा. तेव्हा १९७४ साली त्यांनी दुसरा कायदा केला. संसदेने दिलेला पैसा राष्ट्राध्यक्षाला स्वतःच्या मर्जीने रोखून ठेवता येणार नाही. १९७५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांडपाण्याच्या पैशाचा निकालही सरकारच्या विरोधात दिला. त्या बुडाला आजही लाथा बसतात, २०२५ साली तर जोरात बसल्या. तरी लाथ मारायला बूड तरी आहे.

आता काम. घोषणा नाही, काम.

कलम २०२ च्या त्याच यादीच्या शेवटी एक ओळ आहे. राज्याचं विधिमंडळ कायदा करून इतर कोणताही खर्च भारित ठरवू शकतं. घटनादुरुस्ती लागत नाही, दिल्लीला जावं लागत नाही. विधानसभेत साधा कायदा. आपली मागणी ही असली पाहिजे. शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाचा खर्च भारित करा. नुसतं भारित करून पैसा पोराच्या हातात पडत नाही, म्हणून तो मुदतीत द्यायची जबाबदारी त्याच कायद्यात लिहा. उपयोजनेचा पैसा ३१ मार्चला मरणार नाही, पुढच्या वर्षीच्या वाट्यावर चढेल. दुसरीकडे वळणार नाही. आणि निधी समर्पित करणाऱ्या अधिकाऱ्याला, जास्त खर्च करणाऱ्याला द्यावं लागतं तसं, लोकलेखा समितीपुढे उत्तर द्यावं लागेल.

आणि तोवर? प्रत्येक शाखेने माहिती अधिकाराचा एक अर्ज टाकायचा. २००५ चा कायदा, साधा कागद, दहा रुपये. चार आकडे मागायचे. आपल्या जिल्ह्यात अनुसूचित जाती उपयोजनेत मंजूर किती, वितरित किती, खर्च किती, समर्पित किती. अर्ज एप्रिलमध्ये टाकाल तर मयताचा दाखला मिळेल. डिसेंबरात टाका, सहा तारखेला चैत्यभूमीवरून परत आलात की त्याच आठवड्यात. तीस दिवसांत उत्तर आलं तर जानेवारीत तुमच्या हातात आकडे असतील आणि ३१ मार्चला अजून दोन महिने असतील. ते आकडे वस्तीच्या फळ्यावर खडूने लिहा, जिथे आपण मयताची आणि जयंतीची सूचना लिहितो तिथे. बायकांना वाचून दाखवा. आमदार मत मागायला आला की त्याला फळ्यासमोर उभा करा.

जयभीम म्हणायला आपल्याला शिकवावं लागत नाही. आता हिशोब दे म्हणायला शिकू या. ज्याने या देशाच्या तिजोरीला झाकण बसवलं त्याची आपण पोरं आहोत. बूड बसवायचं काम आपल्याकडे राहिलंय.